तोंडावर बोट

“हाव,” असं माझी पोरगी म्हणली आन् बैठकीतले सगळे हसले.

तिचा पहिला वाढदिवस होता. नांदेडला, माझ्या सासरी. सोफ्यावर सासूबाईंच्या मैत्रिणी बसलेल्या, लातूरहून नणंदबाई आलेल्या. नणंदबाई कॉलेजात शिकवतात. त्यांनी पोरीला विचारलं, “केक हवा ना तुला?” आन् पोरीनं मान हलवून ठसक्यात सांगितलं, हाव. आमच्या माहेरच्या बोलीत हो म्हणजे हाव. तिचा पहिला धड शब्द. मला वाटलं, आता तिला उचलून घेतील.

सासूबाई मैत्रिणींना म्हणल्या, “दिवसभर आईपाशीच असते ना. दुसरं काय शिकणार?” मग माझ्याकडं वळल्या. “तू तिच्याशी जरा कमी बोलत जा बाई. आधी शुद्ध कानावर पडू दे.”

माझ्या हातात केकच्या प्लेटा होत्या. मी त्या वाटल्या.

मी भोकरकडची. माहेरी शेती. बीएस्सी झाले, मग इथं एका लॅबमध्ये रक्त काढायचे. खेड्यातल्या म्हाताऱ्या बाया माझ्याच खुर्चीपाशी येऊन बसायच्या. “माय, हात ढिला सोड,” म्हणलं की त्यांचा हात खरंच ढिला पडायचा. तिथं माझी बोली कुणाला टोचली न्हाई.

पोरगी झाली आन् नोकरी सोडायचं ठरलं. ठरलं म्हणजे सासूबाईंनी ठरवलं. त्या मुख्याध्यापिका होत्या, आता रिटायर. लेकराची पहिली वर्षं आईनंच बघावीत, संस्कार आईच करते, असं त्याच म्हणल्या होत्या. मी बी हाव म्हणले. मला पोरगी जवळ पाहिजे होती, खोटं कशाला बोलू.

तेव्हापासून मी “घरीच असते”. कुणी बी विचारलं की आमचे हे असंच सांगतात. घरीच असते म्हणजे काय, ते घरीच असणारीला विचारा. पाठ मोडून जाते. जेवण उभ्यानं. डोकं विंचरायचं राहिलं तर दुपारी आठवतं.

पण पोरीसंगं मी लई बोलायचे. आंघोळीला बसवलं की हे नाक, ही टाच, हे गुडघं. ताटात तूर, हरभरा, ज्वारी घेऊन बसायचो दोघी. ती मूठ भरायची, मी नाव सांगायचे, आन् दाणा तोंडात जाऊ न्हाई म्हणून एक हात तिच्या हनुवटीपाशी. मी बडबड करून राहिलेली, ती माझ्या ओठांकडं बघून राहिलेली. त्यातूनच आला होता तिचा हाव.

वाढदिवसानंतर सासूबाईंनी एक सुरू केलं. माझ्या तोंडून लई, न्हाई, हाय असलं काही निसटलं की त्या लांबूनच माझ्याकडं बघायच्या आन् स्वतःच्या ओठांवर बोट ठेवायच्या. हसून. शाळेत पोरांना गप करतात ना, हाताची घडी तोंडावर बोट, तसं. आन् माझं बी बोट आपोआप वर जायचं. लाज वाटायची. पण भांडायला अंगात दम नव्हता. ह्यांना सांगितलं तर म्हणले, “आईचा स्वभावच तसा आहे. तू कशाला मनावर घेतेस?” मग मी पोरीशी बोलायचंच कमी केलं. ताट बी काढलं न्हाई. मोबाईलवर इंग्रजी गाणी लावून द्यायचे.

दिवाळीच्या आधी नणंदबाई परत आल्या, त्यांना भेटायला सासूबाईंच्या मैत्रिणी बी जमल्या. पोरगी पाण्याच्या तांब्यापाशी उभी होती. त्यांनी विचारलं, “काय हवंय गं तुला?” पोरीनं तोंड उघडलं. आजीकडं बघितलं. आन् स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

बैठकीतले सगळे हसले. तेच हसणं. सासूबाई कौतुकानं म्हणल्या, “बघा, शिस्त कशी लागली.”

हे तिनं टीव्हीत बघितलं नव्हतं. माझ्याकडं बघून शिकली होती. आईचं तोंड बंद असतं, हे माझ्या लेकरानं पाठ केलं होतं. तिला तहान लागली होती आन् ती गप उभी होती.

मी उठले. तिचं बोट खाली केलं. “पाणी पाहिजे का माय? हाव म्हण.”

सासूबाईंनी माझ्याकडं बघून बोट वर नेलं.

“आई, ते बोट खाली घ्या,” मी म्हणले. “मी तुमच्या शाळेत न्हाई. ही बी न्हाई.”

मग त्या म्हणल्या, “तिच्या भल्यासाठीच सांगते. उद्या शाळेत हसतील तिला.”

“हसणारे घरातच हायत. तुमचं बोलणं शिकवा तिला, इंग्रजी शिकवा, मी बी शिकवीन. पण माझं बोलणं मी तिच्या तोंडातून काढू देणार न्हाई. नोकरी तुमच्या सांगण्यावरून सोडली. बोलणं सोडणार न्हाई.”

पोरीला पाणी पाजलं. घाईत तांब्यातलं अर्धं तिच्या फ्रॉकवर सांडलं.

सासूबाई आता माझ्याशी कामापुरतं बोलतात. ह्यांचं म्हणणं, पाहुण्यांसमोर नको होतं. पाहुण्यांसमोरच झालं होतं की सगळं.

आन् पोरगी अजून बोलत न्हाई. काही पाहिजे असलं की आधी बोट ओठांवर जातं. मी ते खाली करते. परत जातं, परत खाली करते. मी थकलेय, हे खरंय. पण धान्याचं ताट परत काढलंय, आन् ते आता बैठकीतच मांडते, कुणी आलेलं असलं तरी. तूर म्हणते, ज्वारी म्हणते, मोठ्यानं म्हणते. ती हाव म्हणल तेव्हा म्हणल. न्हाई म्हणली तरी चालंल, पण तोंड उघडून म्हणावं. तिचं बोट मी खाली करतच राहीन. माझं आता वर जाणार न्हाई.