फोनचे मुके

काचा घासणाऱ्या बाई फोनचे मुके घेतात, ही बातमी पहिल्यांदा फुटली ती समोरच्या वह्या-पेनांच्या दुकानातून. तिथल्या मालकीणबाईंनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि त्यांच्या नजरेवर शंका घ्यायची सोय नव्हती, कारण त्यांचा चष्मा बाईंनीच बनवलेला. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत बाई चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत दार उघडं टाकून बसतात, डोळे मिटतात, फोन तोंडाशी नेतात, आणि मग पाच-पाच मिनिटं हलत नाहीत. वय चोपन्न. नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झालेली. एवढा माल मिळाल्यावर पुढचं लोकांनी आपापल्या कुवतीप्रमाणे भरलं. कुणी म्हणालं, विधुर आहे. कुणी म्हणालं, छे, वयाने चांगला दहा वर्षांनी लहान आहे. काउंटरवर बसणाऱ्या भाऊंना प्रत्येक गिऱ्हाइकाच्या चष्म्याच्या नंबराइतकीच त्याच्या घरातली भांडणंही पाठ. ते तर छातीवर हात ठेवून सांगत की मामला फिसकटला. एका सोमवारी भर दुपारी बाईंनी त्या माणसाला फोनवर असं काही झाडलं, की इकडे काउंटरवर एका गिऱ्हाइकाच्या हातून फ्रेम गळून पडली.

झाडलं हे खरं. ज्याला झाडलं तो माणूस होता, हेही खरं. पण तो होता एकाहत्तर वर्षांचा निवृत्त भूगोलाचा मास्तर, आणि बाईंनी त्याला आयुष्यात कधी पाहिलेलंही नव्हतं.

झालं होतं असं. सहा वर्षांपूर्वी इंटरनेटवर कुणीतरी एक जुनं ध्वनिमुद्रण टाकलं होतं. त्याखाली एकाने विचारलं, की मागे जे व्हायोलिन वाजतंय ते एकच आहे की दोन? शंभर लोकांनी शंभर उत्तरं दिली. बाईंनी लिहिलं, ‘एकच आहे, पण वाजवणाऱ्याची खुर्ची करकरते. तुम्ही ती दुसरं व्हायोलिन म्हणून मोजताय.’ लोकांनी पुन्हा ऐकलं. खुर्ची होती. त्या खुर्चीपाशी चौघं जमली ती कायमची: बाई, मास्तर, बंदरावर क्रेन चालवणारे एक गृहस्थ, आणि एक नर्सताई. चार गावांची चार माणसं, एकमेकांची तोंडं न पाहिलेली. बाईंचं नाव तिथे पडलं ‘कान’. क्रेनवाले तर त्यांना ‘कानसाहेब’ म्हणायचे, आणि बाई वरवर रागवायच्या, पण फोन बाजूला ठेवल्यावर अर्धा तास गालातल्या गालात हसायच्या.

ग्रुपचा नियम क्रेनवाल्यांनी घातलेला. दर रविवारी सकाळी दहापर्यंत प्रत्येकाने एक नवं सापडलेलं गाणं पाठवायचं, आणि त्याच्याबरोबर आपली एक बातमी. दोन्ही जोडीनेच. नुसतं गाणं पाठवणारा लपतोय, आणि नुसती बातमी पाठवणारा रडतोय, असं त्यांचं म्हणणं. गाणं कुणी आणि कुठल्या अवस्थेत पाठवलं हे कळलं, की ते निराळं ऐकू येतं. म्हणून नर्सताई कुठल्या तरी डोंगराळ मुलखातल्या बायकांचं समूहगान पाठवायच्या आणि खाली लिहायच्या, ‘सासूबाई शेवटी आपल्या घरी गेल्या.’ क्रेनवाले तुतारीसारखं काहीतरी कर्णकर्कश पाठवायचे: ‘अक्कलदाढ काढली.’ मास्तर एकटे. मुलं लांब, बायको केव्हाच गेलेली. त्यांच्या घरात घडायचं तरी काय? त्यांच्याकडे एक निवडुंग होता, आणि त्यांच्या बातम्या निवडुंगाच्या असत. ‘निवडुंगाला कळी आली.’ ‘निवडुंगाची कुंडी बदलली.’ क्रेनवाले विचारायचे, ‘मास्तर, निवडुंगालाच ग्रुपमध्ये घेऊ या का?’ मास्तरांना ते आवडायचं. त्या निमित्ताने कुणीतरी त्यांच्या घरातल्या जिवंत वस्तूची चौकशी करायचं.

आणि मग दीड वर्षापूर्वी बाईंचा डावा कान बुजायला लागला.

पहिल्यांदा कळलं ते चाकापाशी. चष्म्याची काच फ्रेममध्ये बसवण्याआधी तिची कड फिरत्या चाकावर घासावी लागते, वरून पाण्याची बारीक धार सोडून. काच टेकली की आधी चरचर होते, मग सूं सूं, आणि आवाज एकसारखा झाला की हात उचलायचा. बाईंनी तीस वर्षं हा हात कानाच्या हुकमावर उचलला होता. आता एका महिन्यात तीन काचा फ्रेममध्ये ढिल्या पडल्या. भाऊ म्हणाले, बाईंचं लक्ष नाही, कुठेतरी जडलंय. बाईंनी ऐकून घेतलं आणि दर दोन मिनिटांनी काच फ्रेमला लावून बघायला सुरुवात केली. काम लांबलं, पण काचा बसू लागल्या.

गाण्यांचं काय करणार? तिथे फ्रेम लावून बघता येत नाही. नर्सताई विचारायच्या, ‘शेवटी मागे कुणीतरी हसलं, ऐकलंत का?’ बाई लिहायच्या, ‘ऐकलं की.’ ऐकलेलं नसे. सहा वर्षांत पहिल्यांदा त्या खोटं बोलत होत्या, आणि ज्या विषयात त्यांचा शब्द शेवटचा मानला जायचा त्याच विषयात.

शेवटी कानाच्या डॉक्टरकडे गेल्या. त्यांनी दोन बोटांचा, सूर काढणारा एक लोखंडी चिमटा टेबलावर आपटला आणि डाव्या कानापुढे धरला. काही नाही. मग त्याची मूठ कानामागच्या हाडावर टेकवली, आणि डोक्यात घंटेसारखा स्वच्छ सूर वाजला. बाई दचकल्या. डॉक्टर म्हणाले, आतली नस शाबूत आहे, पण आवाज आत पोचवणारं बारीक हाड आखडलंय. डाव्याचं पुरतं, उजव्याचं निम्मं. पुढे शस्त्रक्रिया, नाहीतर यंत्र, बघू.

ही बातमी होती. नियमाप्रमाणे ती सांगायला हवी होती, आणि बाईंना सांगायचीही होती. पण तिच्याबरोबर गाणं लागणार, आणि या बातमीबरोबर जाणारं गाणं काही डब्यातून काढून देता येत नाही. त्या बुधवारी त्यांनी एकट्या मास्तरांना लिहिलं. म्हणजे मास्तर शहाणे म्हणून नाही. मास्तर घाबरून दहा प्रश्न विचारत नाहीत म्हणून. लिहिलं, की असं असं झालंय, योग्य गाणं मिळालं की मीच सांगेन, तोवर कुणाला सांगू नका. मास्तरांचं उत्तर आलं, ‘माझ्या पोटात राहील.’

चार आठवडे बाई शोधत होत्या. उजवा कान फोनला चिकटवून, आवाज पुरता वाढवून. शनिवारी दुपारी मिळालं. एक म्हातारी काम करता करता एकटीच गात होती, साथीला काही नाही. गाणं संपल्यावर मुद्रण करणाऱ्याने यंत्र बंदच केलं नव्हतं, त्यामुळे पुढे अर्धं मिनिट नुसती ती खोली ऐकू येत होती: नळ, दार, म्हातारीचा श्वास. बाईंनी खाली काय लिहायचं तेही ठरवून टाकलं. ‘बातमी: माझे कान चाललेत. गाणं थांबल्यावरही ऐकत राहा.’ यापेक्षा एक अक्षर जास्त नाही. त्या रात्री त्यांना दीड वर्षात पहिल्यांदा गाढ झोप लागली.

रविवारी पावणेदहाला चहा घेऊन, चष्मा लावून बसल्या, ग्रुप उघडला. मास्तरांचा निरोप आधीच येऊन पडला होता.

‘बातमी: आपल्या कानबाईंचे कान जात आहेत. डावा गेलाच आहे, उजवाही जाईल. त्या फार धीराने घेत आहेत. त्यांच्यासाठी हे गाणं.’

आणि खाली बासरी.

बासरी बाईंना उभ्या जन्मात आवडली नव्हती, आणि ही तर रडकी बासरी, पाठीमागे पाण्याचा खळखळाट जोडलेली. पण बासरीचा राग नंतरचा. आधी त्या नुसत्या बघत राहिल्या. चार आठवडे पदराआड सांभाळून आणलेली वस्तू कुणीतरी दारातच हिसकावून घ्यावी आणि आपल्या नावाने वाटून टाकावी, तसं झालं होतं. वर ‘धीराने’! यांना कुणी सांगितलं धीराने? त्या घरात एकट्या असताना काचेचे दोन ग्लास भिंतीवर फेकून बसल्या होत्या, ते मास्तरांना कुठे माहीत होतं?

मग बाकीच्यांनी राग पूर्ण केला. नर्सताईंनी शब्द खाली छापून येणारी गाणी पाठवली. क्रेनवाल्यांनी ढोलाचे तीन तुकडे धाडले: हे पायांतून जाणवतात, कानसाहेब. आणि मग नर्सताईंचंच आणखी एक वाक्य, की संगीत शेवटी मनाने ऐकायचं असतं. बाईंनी त्यावर लिहिलं, ‘मग उद्यापासून पेशंटला इंजेक्शनही मनानेच द्या,’ आणि पाठवण्याआधी पुसलं. असं त्यांनी दिवसभरात अकरा वेळा लिहिलं आणि अकरा वेळा पुसलं. चहा तसाच सायीखाली गार झाला. म्हातारीचं गाणं फोनमध्येच राहिलं. ते आता पाठवून काय उपयोग? आता ते भेटायला आलेल्या पाहुण्यांसमोर आजाऱ्याने म्हटलेलं गाणं झालं असतं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मागच्या खोलीचं दार लावलं आणि मास्तरांना फोन केला. सहा वर्षांत पहिल्यांदा. दार लावलं म्हणजे बाहेर काही जाणार नाही, अशी त्यांची समजूत. आपला आवाज केवढा चढलाय हे ज्याचं त्याला कळायला कान लागतात.

“मास्तर, रविवारी तुमच्याकडे बातमी होती का?”

“कसली बातमी?”

“तुमची. स्वतःची.”

मास्तर म्हणाले, नव्हती. दोन रविवार तर काहीबाही जोडून पाठवलं होतं. तिसऱ्या रविवारी साडेनऊ झाले, हाती काहीच नाही, म्हणून. शिवाय बाईंना सांगायला जड जाईल, त्यांचा भार आपण उचलावा, असंही वाटलं.

“आणि निवडुंग?”

“निवडुंग मेला, बाई. मुळं कुजली. पाणी जास्त झालं माझ्या हातून.”

“मग ती बातमी होती की.”

“ती सांगवली नाही मला.”

आणि इथे बाईंचा जो आवाज फुटला, तो भाऊंनी ऐकला, गिऱ्हाइकाने ऐकला, रस्ता ओलांडून वह्या-पेनांच्या मालकीणबाईंनीही ऐकला; शब्द दारात अडले, पण सूर सगळ्यांना पोचला.

“निवडुंगाचं सांगवलं नाही तुम्हाला, आणि माझ्या कानांचं सांगवलं?”

बाईंनी उत्तराची वाटही पाहिली नाही. पोटात ठेवतो म्हणाला होतात, चार आठवडे जपलं होतं मी, आणि वर बासरी, असं बरंच काही बोलून त्यांनी फोन ठेवला आणि दुपारभर काचा घासल्या. एकही ढिली पडली नाही.

ग्रुप सोडायचा विचार मंगळवारी सकाळपर्यंत पक्का होता. मग त्यांच्या मनात आलं, की चोरी झाली तर माणूस घर सोडून जात नाही. वस्तू परत मागतो. त्यांनी लिहिलं, ‘गेल्या रविवारी सांगितली गेलेली बातमी रद्द समजावी. ती माझी आहे आणि मी अजून सांगितलेली नाही. येत्या रविवारी सांगेन. तोपर्यंत कुणालाही काहीही माहीत नाही.’

असा हुकूम जगात कुणी कुणाला सोडला असेल असं वाटत नाही. पण तिघांनी तो मानला. आठवडाभर ग्रुपमध्ये चिडीचूप. नर्सताईंनी शब्दांची गाणी काढून टाकली. क्रेनवाल्यांनी ढोल हटवले. बासरीही गेली.

रविवारी साडेनऊला बाईंनी म्हातारीचं गाणं पाठवलं आणि खाली ठरलेल्या दोन ओळी. एक अक्षर जास्त नाही. दोन मिनिटांनी क्रेनवाल्यांचं उत्तर आलं, ‘अरे बापरे! कधीपासून?’ शाळेच्या नाटकात दूत शोभावा इतकं वाईट सोंग. बाईंनी दात-ओठ खात ते वाचलं, आणि मग सुरुवातीपासून, नीट तारीखवार, सगळं सांगितलं. ग्लास फेकले तेही. नर्सताईंनी लिहिलं, ‘मी अर्धं मिनिट ऐकलं. नळ कुणीतरी शेवटी बंद केला.’ एवढंच. मनाबिनाचं काही नाही.

दहाला दोन मिनिटं असताना मास्तर आले. एका अनोळखी भाषेतलं पुरुषाचं गाणं आणि खाली, ‘बातमी: निवडुंग मेला. तीन आठवडे झाले. माझ्या हातून.’

क्रेनवाल्यांनी आणि नर्सताईंनी मास्तरांचं बरंच सांत्वन केलं. बाईंनी केलं नाही. त्यांचा राग गेलेला नव्हता, तो अजूनही पुरता गेलेला नाही, आणि तो घालवायची त्यांना घाईही नाही. त्यांनी सोमवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, फक्त गाण्याबद्दल एक ओळ लिहिली: ‘दुसऱ्या कडव्यात मागे कुणीतरी खोकतंय.’

तिघांनी पुन्हा ऐकलं. खोकला होता.

तोपर्यंत मुक्यांची बातमी गल्ली ओलांडून बाईंच्या घरापर्यंत पोचली होती. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या धाकट्या जाऊबाई खाली आल्या, दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, “वहिनी, निदान मला तरी सांगा. दिसतो कसा?”

बाईंनी क्षणभर विचार केला. एकीकडे लोकांची चेष्टा होती, दुसरीकडे लोकांची कीव. “काळा आहे,” त्या म्हणाल्या, “आणि रोज चार्ज करावा लागतो.” जाऊबाई हसून वर गेल्या आणि तासाभरात सगळ्यांना सांगून मोकळ्या झाल्या, की बाई काही कबूल करत नाहीत.

बाई फोनचे मुके घेत नसत. गाणं लावून फोनची कड त्या दातांत धरत. कानातून येईनासा झालेला आवाज हाडातून येत असे.