शेरा: दार बंद ठेवावे

बालवाडीत काम करणाऱ्या माणसाला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. एका खोलीत पंचवीस-तीस लेकरं, त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक बाई, आणि त्या बाईवर लक्ष ठेवायला आणखी एक बाई, म्हटल्यावर रोज काहीतरी घडतंच. ती आणखी एक बाई म्हणजे मी. संध्याकाळी लातूरच्या स्टँडवर उतरले की पिशवीत रिकामा डबा, पाण्याची बाटली आणि एक ताजा किस्सा असायचाच. रिटायर झाले, डबा सुटला. किस्से तेवढे राहिले.

भूकंपाला काही वर्षं होऊन गेली होती. लातुरात गल्लोगल्ली क्लासेसच्या पाट्या लागत होत्या, आणि औशाच्या पुढे भूकंपात पडलेल्या गावांच्या जागी पुनर्वसनाची गावं वसून तिथे बालवाड्या सुरू झाल्या होत्या. नव्या बाईंना आधी कच्ची नोंदणी मिळायची. दोन वर्षं वर्ग चालवायचा, फाईल पूर्ण करायची, शेवटी नोंदणी मंडळाचे साहेब येऊन तपासणी करणार. पास झालात तर पक्की नोंदणी, नाहीतर घरी! ही दोन वर्षं बायकांना निभावता यावीत म्हणून आमच्या संस्थेला एक ग्रँट मिळाली होती. त्यातून महिन्याला एक मोकळा दिवस फाईल लिहायला, त्या दिवशी वर्गावर बदली बाई, आणि दर महिन्याला वर्ग बघून शेरा लिहायला एक मार्गदर्शक.

मार्गदर्शक मी. मूळची नांदेडची, नोकरीने लातूरची आणि स्वभावाने मास्तरीण. मी एकदा सांगितलं की ते झालंच पाहिजे!

माझ्याकडे तिघी होत्या. मुखेडची रुक्मिण, उदगीरची मेहराज आणि औशाकडच्या एका पुनर्वसन गावातली सुनंदा.

* * *

ग्रँटचे फॉर्म आमच्या ऑफिसातले कुलकर्णी सर बघायचे. रकाना रिकामा दिसला की ह्या माणसाला जेवण जायचं नाही.

रुक्मिणचा फॉर्म बघून त्यांनी मला हाक मारली. ‘मुले सांभाळण्याचा पूर्वानुभव’ ह्या रकान्यात तिने लिहिलं होतं, ‘तीन लेकरे, दोन दीर.’

सरांनी तिला समोर बसवलं. “अहो बाई, दीर कशाला लिहिलेत इथे? मुलांचा अनुभव विचारलाय.”

“सर,” रुक्मिण म्हणाली, “लेकरं तर आपली आपण वाढली. दिरांनाच लई सांभाळावं लागलं!”

सरांनी दीर खोडायला पेन उचललं, थोडा विचार केला आणि पेन खाली ठेवलं. सरांनाही एक धाकटा भाऊ होता.

त्याच दिवशी सुनंदाचाही फॉर्म आला. अक्षर मोत्यासारखं, एक खाडाखोड नाही. ‘कुटुंबातील व्यक्ती’ ह्या रकान्यात बाकी दोघींना जागा पुरली नव्हती, समासात नावं लिहिली होती. सुनंदाने एकच नाव लिहिलं होतं, स्वतःचं.

“फॉर्म अपुरा आहे,” सर म्हणाले.

“पुरा हाय, सर,” ती म्हणाली.

सरांनी फॉर्म ठेवून घेतला. मीही पुढे काही विचारलं नाही.

* * *

मुखेडला रुक्मिणचा पहिला मोकळा दिवस. बदली बाई नांदेडहून सकाळच्या गाडीने आली, नवी साडी, हातात चित्रांचे तक्ते. रुक्मिण फाईल घेऊन बाहेर लिंबाखाली बसली.

पाच मिनिटांनी एक पोरगी बाहेर आली. मग दोन पोरं आली. मग सगळा वर्गच उठून लिंबाखाली! कुणी तिच्या मांडीवर, कुणी पाठीला टेकून, एकाने तर कार्बन पेपर घेऊन दोन्ही गाल निळे करून घेतले.

मी पोचले तेव्हा बदली बाई रिकाम्या वर्गाच्या दारात उभी होती. मला बघून रडकुंडीला आली. “मॅडम, आता मी काय करू?”

लिंबाखालून रुक्मिण ओरडली, “ही फाईल घ्या न् तुम्ही लिवा! मी हितं गाणं घेऊन राहिले!”

त्या महिन्याची फाईल बदली बाईच्या अक्षरात आहे. कुलकर्णी सरांनी ती आठवडाभर मंजूर केली नव्हती.

* * *

उदगीरच्या मेहराजपुढे वेगळंच संकट होतं. तिच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील धान्याच्या आडतीवर होते. ते लातूरला एका नामांकित क्लासवर जाऊन रिझल्टचा मोठा बोर्ड बघून आले आणि तडक बालवाडीत.

“मॅडम, तुमच्याकडं टेस्ट कधी राहते? रँक कुठं लावता?”

“इथे रँक नसते, भाईसाब.”

“मग आमच्या पोराला कळणार कसं, तो कितवा हाय? डॉक्टर करायचंय त्याला!”

“उमर काय त्याची?”

“पावणेचार.”

मेहराज वाद घालणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने दाराशी खडूने बोर्ड लिहिला. चप्पल ओळीत ठेवण्यात प्रथम: अमुक. न रडता घरी जाण्यात प्रथम: तमुक. पाणी न सांडण्यात, रुसलेल्याला मनवण्यात, झाडाला पाणी घालण्यात, असं करत करत तीसच्या तीस पोरं पहिली! आडतवाल्यांचा मुलगा डबा संपवण्यात पहिला आला होता.

मी म्हटलं, आता हा माणूस चिडणार. तर दुपारी ते पेढ्याचा बॉक्स घेऊन हजर!

“डब्यात तर डब्यात,” ते म्हणाले, “पयला हाय ना? मग झालं!”

पुढच्या महिन्यापासून त्यांनी एकच तक्रार केली. दुसऱ्या पोरांच्या आया आता डबा जास्त भरायला लागल्या आहेत, ह्याच्याकडे मॅडमनी लक्ष द्यावं.

* * *

आता सुनंदा. वर्ग घ्यावा तर तिने. आवाज कधी चढायचा नाही, आणि पोरं तिच्या शब्दाबाहेर नाहीत. फक्त एकच खोड. वर्गाचं दार सताड उघडं. दाराला एक वीट लावून ठेवलेली, आणि उन्हाळा असो, थंडी असो, ती वीट हलायची नाही.

पहिल्याच भेटीत, गोष्ट रंगात आलेली असताना एक कोंबडी रुबाबात आत आली, ठोकळ्यांच्या टोपलीत बसली आणि अंडं घालून निघून गेली. सुनंदाने गोष्ट थांबवली. अंडं प्रत्येकाच्या हातात दिलं, गरम आहे का गार, जड आहे का हलकं, कुणाच्या घरची कोंबडी, सगळं बोलून घेतलं. शेवटी दोन पोरं पाठवून अंडं ज्याचं त्याच्या घरी पोचतं केलं. असा धडा मी कुठल्या ट्रेनिंगमध्ये बघितला नव्हता.

मी शेरा लिहिला, ‘पाठ उत्तम. दार बंद ठेवावे.’

मी लिहीत असताना मुक्ता नावाची चार वर्षांची मुलगी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. “लई लिवता तुम्ही,” ती म्हणाली. “गाणं म्हणता का?”

मला वाटलं, लेकरू मागतंय तर म्हणावं. एक कडवं म्हटलं. मुक्ताने ते पूर्ण ऐकून घेतलं.

“लिवाच तुम्ही,” ती म्हणाली.

पुढच्या महिन्यात गेले, वीट तिथेच. शेरा लिहिला, ‘दार बंद ठेवावे.’ सुनंदाने “हाव, मॅडम” म्हणून सही केली. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. माझा शेरा, तिची सही आणि तिथल्या तिथे ती वीट. मला राग यायला लागला होता, खोटं कशाला बोलू!

* * *

दोन वर्षं संपत आली तशी कुलकर्णी सरांनी नियमांचं पुस्तक काढलं आणि एक ओळ मोठ्याने वाचली. मागच्या शेऱ्यांत एकच त्रुटी वारंवार दिसली आणि सुधारली नसेल, तर पक्की नोंदणी देता येणार नाही.

“सुनंदाच्या फाईलमध्ये एकच वाक्य वीस वेळा आहे,” सर म्हणाले. “कोणी लिहिलं हो हे?”

कोणी म्हणजे काय, मीच की! आणि कार्बन कॉप्या दर महिन्याला मंडळाकडे गेलेल्या. पान फाडायचीही सोय नव्हती.

मी सुनंदाकडे गेले, जवळजवळ हाता-पाया पडले. “अगं, एका तासाचा प्रश्न आहे. साहेब असेपर्यंत दार लाव, नंतर खुशाल उघडं ठेव.”

“पक्की न्हाई झाली तर मला दुसरं काय न्हाई, मॅडम,” ती म्हणाली. “ह्या लेकरांबिगर कोण हाय मला? ठाव हाय मला ते.”

“मग लाव की दार!”

ती उठली. पोरांना पाणी प्यायला घेऊन गेली.

कुलकर्णी सर कधी नव्हे ते पाघळले. त्यांना वाटलं, दाराला धड कडी नसेल, म्हणून लागत नसेल. त्यांनी बाजारातून एक मजबूत लोखंडी कडी आणली, ग्रँटमध्ये ‘शैक्षणिक साहित्य’ म्हणून बसवली आणि एसटीच्या पार्सलने पाठवून दिली. आठ दिवसांनी सुनंदाचं पत्र आलं. ‘कडी मिळाली. बसवून घेतली. फार उपयोग झाला. आभारी आहे.’

सरांनी ते पत्र सगळ्या ऑफिसला वाचून दाखवलं.

मी तपासणीच्या आदल्या आठवड्यात बघायला गेले. कडी खरंच बसवलेली होती. बाहेरच्या भिंतीला! दार पूर्ण उघडायचं, भिंतीला टेकवायचं आणि कडीत अडकवायचं, म्हणजे वाऱ्यानेसुद्धा लागणार नाही. विटेची गरज उरली नव्हती.

* * *

तपासणीला पुण्याकडचे साहेब आले. मुखेडला त्यांना रुक्मिणने लिंबाखाली बसवलं, एक पोर त्यांच्या मांडीवर झोपलं, साहेबांना तासभर हलता आलं नाही. पास! उदगीरला मेहराजने त्यांचंही नाव बोर्डावर लिहिलं, ‘शांत बसण्यात प्रथम’. तिचीही पक्की.

शेवटी सुनंदाचा वर्ग. मी साहेबांच्या मागे स्टुलावर बसले होते. मार्चचं ऊन, वारा सुटलेला, माळावरची धूळ सरळ आत. साहेबांचे कागद उडायला लागले. त्यांनी दोनदा ते गोळा केले. तिसऱ्यांदा ते उठले, बाहेर जाऊन कडी काढली, आत आले आणि दार लावून घेतलं.

सुनंदा गाणं म्हणत होती. म्हणतच राहिली, फक्त आवाज बारीक झाला. तिचा हात भिंतीवर गेला आणि तिथेच राहिला.

पोरांना कुणी काही सांगितलं नाही. एकेक करून सगळी उठली. कुणी तिचा पदर धरला, कुणी हात, ज्यांना जागा मिळाली नाही त्यांनी पुढच्या पोराचा सदरा धरला. सगळा वर्ग तिला चिकटून उभा, आणि गाणं आता पोरंच म्हणत होती.

“हे काय?” साहेब म्हणाले. “जागेवर बसा पाहू!”

कुणी बसलं नाही. मुक्ता तेवढी गर्दीतून बाहेर आली आणि साहेबांसमोर उभी राहिली.

“दार लावू नगा, साहेब. आमच्या ताईला भ्या वाटतंय.”

“आणि तुम्हाला?”

“आमाला न्हाई. आमी हाव की ताईजवळ.”

साहेबांनी सुनंदाकडे बघितलं. मग मांडीवरची फाईल उघडली. माझे शेरे त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले, एकेक पान उलटत. पहिल्या पानावर तिचा फॉर्म होता, तोही वाचला. पत्ता भूकंपाच्या पुनर्वसन गावाचा; त्याखालच्या ‘कुटुंबातील व्यक्ती’ ह्या रकान्यावर त्यांचं बोट बराच वेळ थांबलं.

“हे शेरे कुणी लिहिलेत?” त्यांनी मागे न बघता विचारलं.

“मी, साहेब,” मी म्हटलं. दोन वर्षं मी त्या वर्गात जात होते, आणि बालवाडीतल्या पोरीला जे ठाऊक होतं ते मी एकदाही विचारलं नव्हतं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

साहेब उठले. त्यांनी दार उघडलं, भिंतीपर्यंत नेलं आणि कडी अडकवली. ती नीट बसली का, म्हणून एकदा ओढूनही बघितली. मग खुर्चीवर येऊन माझ्या शेवटच्या शेऱ्याखाली लिहिलं,

‘दार पाहिले. योग्य आहे.’

आणि खाली पक्क्या नोंदणीची सही केली.