हादडा, गिळा, चेपा

लग्न होऊन कर्वेनगरात आले तेव्हा मी स्वतःला फारच शहाणी समजत असे. यांचं काम मार्केट यार्डात, कांद्याच्या गाळ्यावर तोलाईचं. घरी आले की हातपाय धुऊन म्हणायचे, "वाढ, हादडतो." मी भरलेलं ताट हातात धरून उभी. या घरात माणसं जेवतात, असं ऐकवायचं आणि 'जेवायला वाढ' म्हणेपर्यंत ताट खाली ठेवायचं नाही. आमटी निवायची, पण मराठी सुधारायची. गिळणं, चेपणं, हाणणं, सगळ्यांना मी उंबऱ्याबाहेर काढलं. वर्षभरात हे 'जेवू या का?' म्हणायला लागले आणि मी शेजारणींना ते कौतुकानं सांगत फिरले. असली बया माझी सून म्हणून आली असती, तर पहिल्याच आठवड्यात मी तिला वेगळं बिऱ्हाड करून दिलं असतं.

आता उतारवयात अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून हे तोंडच उघडत नाहीत. घशाला काही अडचण नाही, डॉक्टरांनी तपासलंय. शुक्रवारपर्यंत पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी, असं सांगून ते मोकळे झाले. बुधवारी दुपारी मी मऊ भात घेऊन तासभर बसले. अहो, जेवता ना, अहो, दोन घास. यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग लाज सोडून 'हादडा' म्हटलं. माझ्या तोंडून ते रेडिओवरच्या बातम्यांसारखं आलं.

शेवटी यांच्या गाळ्यावरच्या जुन्या हमालाला फोन लावला. दोघं रोज दुपारी पोत्यांवर बसून एकत्र भाकरी खायचे. तेव्हा यांना कसं बोलवायचात, तसंच आत्ता बोलवा, म्हटलं. तो म्हणाला, "वहिनी, तुमच्यासमोर कसं बोलू? तुमचा लई धाक होता आम्हाला."

म्हणजे माझी कीर्ती पार गुलटेकडीच्या मार्केट यार्डापर्यंत पोचली होती. हात जोडते, बोला, असं म्हणून मी फोन यांच्या कानाशी धरला.

"गिळ की लेका. भाकरी वाळली इथं, कवाधरनं थांबलोय."

यांचे ओठ हलले. मी चमचा आत सरकवला. घास गेला. दुसराही गेला. तिसऱ्याला दात आवळले. पलीकडून त्यानं विचारलं, खाल्लं का, ठेवू का मग.

"ठेवू नका," मी म्हटलं. "वाटी भरलेलीच आहे. आणखी काहीही बोला. मी इथं नाहीच असं समजा."