फर्डिनंडची फुंक

कोळ्याच्या घरात जन्मून फर्डिनंडला बोट लागायची. पाचूबंदरच्या कोळीवाड्यात त्यावरून इतकी चेष्टा झाली, की समुद्र सोडून तो वालीवच्या कारखान्यात काच फुंकायला आला. माझ्या शेजारच्या बर्नरवर त्याने बावीस वर्षं प्रयोगशाळांचे चंबू फुगवले. शेवटी छातीचा भाताच निकामी झाला. गेल्या वर्षी गेला.

पण मला सांगायचंय ते त्याच्या बायकोबद्दल. रोझलीनवहिनी वसईच्या बाजारात मासळी विकते. घासाघीस करणाऱ्याला अशी झाडते, की तो गप्प दुप्पट मासळी घेऊन जातो. नवऱ्याच्या मातीला मात्र तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. वर्ष भरलं तरी मेलेल्याच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये लावतात ती मिसा त्याच्या नावाने लावायला ती तयार होईना. फादरांनी समजावलं, दीर थॉमस भांडला. तिने कारण सांगितलं ते फक्त मला.

शेवटच्या महिन्यांत ऋतिका मॅडम नावाच्या कलाकार बाईंनी कारखान्यात काचेचे पोकळ बोंबील करायला दिले होते. सगळे फर्डिनंडनेच केले. शेपटीकडचं टोक ज्योतीवर वितळवून बंद केलं, की फुंकणाऱ्याचा श्वास आतच राहतो. हे त्याने घरी जाऊन बायकोला सांगितलं होतं.

"सदाभाऊ, त्याचा दम हाय आजून," वहिनी म्हणाली. "दम हाय तवर मिसा कशी लावू?"

खरं सांगायचं तर मलाही ते खोटं वाटत नव्हतं.

वसई गावातल्या गॅलरीत त्या बोंबलांचं प्रदर्शन लागलं, तेव्हा मी तिला रिक्षाने घेऊन गेलो. ती सणाचं लुगडं नेसली होती. हॉलमध्ये बांबूंवर चाळीस बोंबील टांगलेले आणि खाली पाटीवर एकट्या मॅडमचं नाव. आयत्या बिळावर नागोबा, असं मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो. वहिनी हसत होती ती वेगळ्याच गोष्टीला. बोंबील वाळत घालताना दोन-दोन माशांचे जबडे एकमेकांत अडकवतात. म्हणून तर फर्डिनंडने, आत घसा काचेने बंदच ठेवून, सगळ्यांचे जबडे उघडे घडवले होते. इथे ते शेपटीला बांधून लटकवले होते.

मग ती जवळ गेली आणि तिचं हसू गेलं. प्रत्येक शेपटीला भोक पाडलेलं होतं. त्यातून बारीक वायर आत सोडून एक छोटा दिवा लावला होता. टेबलामागे बसलेली मुलगी कौतुकाने सांगू लागली, की काच आतून उजळावी ही मॅडमचीच कल्पना, भोकं मुंबईहून पाडून आणली.

वहिनीने एका भोकावर बोट ठेवलं. हात लावू नका, मुलगी म्हणाली. वहिनीने दुसऱ्या हाताचं बोट शेजारच्या भोकावर ठेवलं. दोन झाकली गेली, अडतीस उघडी होती. मला त्या मुलीचा, मॅडमचा, सगळ्यांचा राग आला.

परतताना तिने रिक्षा चर्चच्या ऑफिसपाशी थांबवली. मिसा लावायचीय म्हणाली. तिथल्या प्रिस्काबाईंनी वहीत नाव लिहून घेतलं आणि कधी वारले ते विचारलं. मी गेल्या वर्षीची तारीख सांगायला लागलो. वहिनीने मला हाताने थांबवलं.

"आज," ती म्हणाली. "आज गेला."