आबासाहेबांची जीप अन् तिचं पिल्लू

किस्से गोळा करावे लागत न्हाईत. चार रिकामी माणसं अन् एक गाडी एका पत्र्याखाली आणून उभी करा, किस्से आपोआप साठतात. खाटेखाली धूळ साठती तसे. मी झाडू मारला न्हाई, एवढंच.

आता नातू मला कौतुकानं सांगतो, साहेब लोक म्हणे मोटारीमागं अख्खं घर ओढत रानात जातात. म्हणलं, बाळा, हे येडेपण आम्ही निजामी अमलातच करून बसलोत.

मोठी लढाई संपली अन् फौजेच्या जीपगाड्या लिलावात निघाल्या. आमच्या आबासाहेब देशमुखांनी एक उचलली. आबासाहेबांची शेती वाटूरला, राहणं जुन्या जालन्यात, अन् काम कुठंच न्हाई! जीपच्या मागं जोडायचा दोन चाकांचा ट्रेलरही आला. आबासाहेब त्याला 'पिल्लू' म्हणायचे. लेकरूबाळ नव्हतं, मंग सगळे लाड त्याचेच.

मी त्या जीपचा ड्रायव्हर. बैठक गफूर मिस्त्रीच्या पत्र्याच्या शेडात. गफूरचं काम कच्चं अन् जबान पक्की. काही बनवलं की म्हणायचा, "बिलकुल फिट, आबासाब! बाप जनम नै हिलेंगा!" चौथे नरहरी वकील. कोर्टात कमी, शेडात जास्ती. त्यांच्याकडं एक इंग्रजी चित्रांचं मासिक होतं. त्यात गोरे लोक मोटारीला तंबू, चूल, मेज, काय काय लावून रानात बसलेले. ते पाहून ह्या तिघांची डोकी फिरली. असलं सामान जालन्यात कुठं मिळणार? मंग घरीच बनवू! म्हणजे वकील सांगणार, गफूर ठोकणार, आबासाहेब 'वा वा' म्हणणार, अन् मी ओढणार.

माझा बाप उभी हयात माळावर राह्यला. एक घोंगडी अन् एक तांब्या. त्याला कधी घडीची खुर्ची लागली न्हाई. पण हे मोठे लोक! घराचा कंटाळा आला म्हणून घराबाहेर जायचं, अन् जाताना सगळं घर संगं न्यायचं!

*

पहिला बळी गेला बंबाचा.

वकिलानं चित्र दाखवलं. गोरा साहेब मोटारीच्या बाजूला उभा राहून गरम पाण्यानं अंघोळ करून राह्यला. आबासाहेब म्हणाले, "इंजिन तर तसंही तापतंच. ती आग फुकट का घालवायची?"

घरात अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब होता. बाईसाहेबांच्या, म्हणजे आबासाहेबांच्या मंडळींच्या माहेरचा. त्या हळदीकुंकवाला गेल्या अन् इकडं बंब शेडात गेला. गफूरनं कापला, जीपच्या बाजूला डाग देऊन जोडला, इंजिनातून नळी आणली.

"बिलकुल फिट!"

वाड्याच्या मागं पहिली अंघोळ आबासाहेबांची. मी इंजिन चालू केलं. डोळे मिटून, 'हर हर गंगे' म्हणत त्यांनी तोटी सोडली. पाणी गरम आलं, खोटं कशाला बोलू. पण त्याच्यासंगं इंजिनातलं जळकं तेलही आलं!

तेवढ्यात बाईसाहेब दारात. समोर नखशिखान्त काळा माणूस, कमरेला पंचा. बाईसाहेबांनी पदर सावरला.

"मालक घरात न्हाईत. शेडात पाहा."

आबासाहेब म्हणाले, "अहो, मीच!"

मंग बाईंची नजर बंबाकडं गेली.

त्याच दुपारी बैलगाडी जोडून त्या अंबडला माहेरी निघाल्या. आबासाहेब तसेच काळे, दांडी धरून चालून राह्यले. बाई म्हणाल्या, "ह्या पिल्लाच्या डब्यात शिजवलेलं गरम जेवण माझ्या तात्यांना माळावर वाढून दाखवा. ताट साफ झालं अन् तात्या चांगलं म्हणले, तर तुमच्या जीपगाडीत बसून परत येते. न्हाई तर तुमचं पिल्लू तुम्हाला लखलाभ!"

लोकांना वाटलं, रागात म्हणल्या. मी बाईसाहेबांना वळखून होतो. म्हणलं, आता ह्या बाईला आणायचं तर खिचडीच आणंल.

*

दुसऱ्या कुठल्या नवऱ्यानं कान धरले असते, बंब नवा केला असता. पण ह्यांना तर हुरूप आला! पिल्लात स्वयंपाकघर करायचं ठरलं.

बाजूला एक फळी. कडी काढली की फळी आडवी पडायची, झालं मेज. मी म्हणलं, "आबासाहेब, कडी शेळीच्या खोपटाची हाय. शेळीला आवरंना ती."

गफूर उखडला. "तू गाडी चला, गणपा. अक्कल मत चला."

वाटूरला निघालो. त्या दिवशी वाटूरचा बाजार. फाट्यावर गर्दी, मी सांभाळून चाललो होतो, तर मागं एकच गिल्ला. मला वाटलं, लोक जीप पाहून खूश झालेत. आबासाहेबांनी तर हात वर करून रामराम घातला!

गाव ओलांडून थांबलो. मागं जाऊन पाहतो तर फळी पडलेली, अन् तिच्यावर कांद्याची एक पाटी, बांगडीवाल्याची पेटी, कुणाची तरी पगडी, अन् मधोमध एक कोंबडी बसलेली. गप. राणीवाणी.

मी डोक्याला हात लावला. आबासाहेबांनी फळी हलवून पाहिली.

"गणपा, पाहिलंस? एवढ्या खड्ड्यातून आलो, मेजावरचं काही सांडलं न्हाई!"

मागून पंधरा-वीस लोक काठ्या घेऊन पळत येऊन राह्यले होते. आबासाहेब म्हणाले, "थांब, त्यांनाही दाखवू."

*

मंग वकिलाची सावली.

तात्यांना उन्हात कसं जेवू घालायचं? म्हणून वकिलानं लग्नाच्या मांडवाचं जुनं कापड आणून छत शिवून घेतलं. एक बाजू पिल्लाला बांधायची, दुसरी बाजू खुंट्यांना. चित्रात तसंच होतं.

चित्रातली जमीन हिरवी होती. आमची जमीन काळी, अन् दिवस चैत्राचे. रानाला ह्या हातभर भेगा!

वकिलानं स्वतः खुंटी धरली, मी हातोडा मारला. खुंटी गेली. म्हणजे गेलीच! भेगेत! दुसरी ठोकली, तीही गेली. वकील पालथे पडून भेगेत पाहून राह्यले. तिसरीसंगं हातोडाही गेला.

बाजूला गवळ्याच्या दोन म्हशी बसल्या होत्या, डोळे मिटून रवंथ करत. वकील म्हणाले, "ह्यांच्याएवढं जड अन् स्थिर दुसरं काय असणार?" अन् दोऱ्या म्हशींच्या शिंगांना बांधल्या.

सावली झक्कास पडली. तिघं खाली बसले. पान लावलं. वकील गोऱ्या साहेबाला नावं ठेवायला लागले, त्याला हे सुचलं न्हाई म्हणून.

मंग म्हशींना तहान लागली.

अगोदर एक उठली, मंग दुसरी. छत निघालं, छताला बांधलेलं, जीपपासून सोडून ठेवलेलं पिल्लूही निघालं. दोन म्हशी, मागं लाल-पिवळा मांडव, मागं पिल्लू, अन् त्याच्यामागं धोतर सावरत वकील. वरात थेट डोहात!

गवळी बोंबलत आला, "माझ्या जनावरांना काय बांधलं?"

वकील गुडघाभर पाण्यात उभे. म्हणाले, "आवाज खाली! कायद्यानं म्हैस जबाबदार हाय."

*

आबासाहेब ह्या दिवसांत उतरून गेल्ते. सदऱ्याला गुंड्या न्हाईत, दाढी वाढलेली. एकदा जीपमध्ये माझ्या बाजूला बसून हळूच म्हणाले, "गणपा, घर खायला उठतंय रे."

मी म्हणलं, "मंग जा की अंबडला. पाया पडा."

"पाया पडून आली तर रोज बंबाचा विषय काढंल. जिंकून आणली पाहिजे."

माणूस बायकोसाठी झुरतो, अन् तिच्या पुढ्यात जायच्या आधी पिल्लात कप्पे बनवतो.

तात्यांच्या आधी एकदा तालीम करून घ्यायची ठरली. कुणाला तरी गरम खिचडी खाऊ घालून पाहू. गफूरनं पिल्लाला पांढरा रंग दिलेला, पत्र्याची चूल बसवलेली, धुराड्याला फोनोग्राफचा फुटका कर्णा लावलेला. असा तो पांढरा डबा धूर सोडत एका वस्तीवर आणून उभा केला.

गावात पाखरू न्हाई! चुली पेटलेल्या, दारं उघडी, अन् माणसं गायब. लांब ज्वारीच्या कडब्यात लेकरांची डोकी हलताना दिसली. लोकांना वाटलं, देवीची लस टोचणारे सरकारी लोक आले!

एक म्हातारी तेवढी राह्यली होती. आली तरातरा, दंडावरची चोळी वर सारली अन् हात पुढं केला.

"टोच बाबा जल्दी. मला सरपण आणायचंय."

आबासाहेब म्हणाले, "आजी, टोचायचं न्हाई. जेवायचं हाय." अन् लई मायेनं तिला खिचडी वाढली.

म्हातारीनं एक घास घेतला. थांबली. बाजूला थुंकली. परत दंड पुढं केला.

"सुईच दे."

*

अन् शेवटी तो दिवस उजाडला.

अंबडला सासऱ्याच्या दारात जीप उभी केली. तात्या ओट्यावर बसलेले. मोठा दरारा होता ह्या माणसाचा. त्याच्या एका खाकरण्यानं गल्ली गप व्हायची. पण आज ओट्यावर पाय जवळ घेऊन, हात मांडीवर ठेवून बसला होता, शाळेत बसल्यावाणी.

आतून बाईसाहेबांचा आवाज. "तात्या, पाय पुसले का?"

"पुसले."

"तंबाखूची चंची मी विहिरीत टाकलीय. हुडकू नका."

"न्हाई हुडकत."

"अन् तिसरा चहा मिळणार न्हाई."

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी इंजिन बंद करायच्या आत म्हातारा जीपमध्ये चढून बसला. "चला!"

अंतरवाली सराटीच्या माळावर गेलो. आबासाहेबांनी डोकं चालवलं होतं. पोचल्या पोचल्या गरम वाढता यावं म्हणून गफूर पिल्लात बसून चालत्या गाडीत खिचडी शिजवून राह्यला होता. मसाल्याच्या खणाला कप्पे छान केलेले, झाकण करायचं राहून गेलेलं. तिखट, हळद, साखर, चहाची भुकटी, सगळं रस्त्यानं एक झालं. तेच खिचडीत पडलं. वर तांदूळ कच्चा, खाली कोळसा, अन् सगळ्याला घासलेटचा वास.

मेजाची फळी पडली, ती निघूनच पडली. घडीच्या खुर्चीवर तात्या बसले अन् खुर्चीनं घडी घातली. त्यांना कसंबसं बाहेर काढलं. म्हाताऱ्यानं धोतर झटकलं. खाली मांडी घातली अन् म्हणाला, "वाढा."

गफूरनं वाढलं. ह्या वेळेला त्याच्या तोंडातून 'फिट' निघालं न्हाई. वस्तीवरचं एक कुत्रं आलं, ताटाजवळ नाक नेलं, अन् शेपूट घालून गेलं.

आबासाहेबांच्या डोळ्यांत पाणी. "तात्या, ऱ्हाऊ द्या. मी हरलो."

म्हाताऱ्यानं त्यांचा हात झटकला. घास घेतला. गिळला. पाणी प्याला. दुसरा घेतला. मी उभ्या जन्मात असा जेवणारा पाहिला न्हाई! कपाळावर घाम, मिशीला चहाची भुकटी, पण ताट बोटानं पुसून साफ केलं.

वकील म्हणाले, "शाबास! अट पूर्ण झाली."

तात्यांनी जरा वेळ डोळे मिटले. मंग ताट पुढं केलं.

"अजून थोडी. उगं शंका नको."

परत अंबडला आलो. बाईसाहेब दारात, कमरेवर हात. आबासाहेब जीपमागं लपलेले.

"तात्या, जेवलात?"

"जेवलो."

"ताट?"

"दोनदा साफ."

"गरम होतं?"

"अजून भाजून राह्यलंय."

"अन् चांगलं होतं?"

तात्यांनी आवंढा गिळला. तो आवंढा खाली जायला लई वेळ लागला.

"पोरी, तू ट्रंक भर."

"मी काय विचारलं, तुम्ही काय सांगता!"

"चांगलं! फार चांगलं! भर ट्रंक!"

बाईसाहेबांनी त्यांच्याकडं पाहिलं, मंग आबासाहेबांच्या बिनगुंड्यांच्या सदऱ्याकडं पाहिलं. आत गेल्या. ट्रंक घेऊन बाहेर आल्या अन् जीपमध्ये बसल्या. आबासाहेब बाजूला बसले, नव्या नवरदेवावाणी अंग चोरून. वकील अन् गफूर पिल्लात.

मी स्टार्टर मारला. जीप गप. परत मारला. गप! बाई म्हणाल्या, "चालत न्हाई तर ऱ्हाऊ द्या. उद्या पाहू. मी उतरते."

तात्या ओट्यावर होते. ज्या माणसानं स्वतःचा तांब्या कधी स्वतः उचलला न्हाई, तो धोतर खोचून खाली आला, वकिलाला म्हणाला, "बसा बसा, उतरू नका," अन् पिल्लाला खांदा लावला.

एका धक्क्यात जीप चालू!

मी वळून ओरडलो, "तात्या, झालं! चालू झाली! सोडा आता!"

म्हातारा काय सोडंना. मान खाली घालून वेशीपर्यंत ढकलत आला!