कार्डावरचे निळे ठोकळे

शाळेत माझी मुलगी मला ‘बाई’ म्हणायची आणि घरी ‘आई’. नियम माझाच. गणिताच्या बाईंनी लेकीला झुकतं माप दिलं, असं कुणी म्हणायला नको होतं. पण नववीत आली तरी सात मोठे की नऊ, हे तिला बोटं मोजल्याशिवाय सांगता येईना. डॉक्टरांनी सांगितलं, हा आळस नव्हे, लर्निंग डिसॅबिलिटी आहे. मला पटलं, आणि तरी त्याच आठवड्यात मी तिला पट्टीनं मारलं. वार्षिक परीक्षेत गणित सुटलं नाही तर शाळा तिला दहावीत घेणार नव्हती.

वरच्या खोलीत सटाण्याची एक मुलगी भाड्यानं राहायची, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. माझा आरडाओरडा ऐकून एकदा ती खाली आली. “काकू, तिला आकडा दिसतच नाय, मग जमंल कसं?” म्हणाली आणि आम्हाला आपला प्रोजेक्ट दाखवायला घेऊन गेली. काळा चौकोन छापलेलं कार्ड कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यापुढे धरलं, की पडद्यावर त्या कार्डावर निळे ठोकळे उभे राहायचे. लेकीनं कार्ड धरलं. तीन ओळी, चार-चार ठोकळे. फिरवलं, तर चार ओळी, तीन-तीन.

“आई, हे तेच आहेत! बाराच!”

इतकी वर्षं मी वर्गात घसा फोडत होते, ते तिला मिनिटभरात दिसलं. मी जिन्यात बसून रडले.

मग दोन महिने लेक वरच असायची. भारनियमनात वीज गेली, की कार्डं मांडीवर घेऊन वीज परत येण्याची वाट बघायची. परीक्षेला आठवडा उरला आणि मला धसका बसला. परीक्षेत कुठला आलाय कॅमेरा? आधाराशिवाय जमलंच पाहिजे, म्हणून मी कार्डं कपाटात कुलपात ठेवली.

“आई, एवढे दिवस तरी राहू दे ना,” ती म्हणाली. मी ऐकलं नाही. आपण तिच्या भल्याचंच करतोय, असं मला खरंच वाटत होतं.

तिची उत्तरपत्रिका माझ्याच गठ्ठ्यात आली. प्रत्येक प्रश्नाशेजारी तिनं पेन्सिलीनं एक चौकोन काढून काळा केला होता. पुढे काही नाही. शेवटच्या पानापर्यंत नुसते काळे चौकोन. मी लाल पेनानं शून्य दिलं.

घरी येऊन कुलूप काढलं आणि कार्डं तिच्यापुढे ठेवली. “चुकलं गं माझं,” म्हणाले. तिनं त्यांना हात लावला नाही. वर्गात राहतात तशी उठून उभी राहिली.

“असू द्या, बाई,” ती म्हणाली.