पाऊण तास बंद बाजार

जळगावच्या आमच्या शेअर दलालाच्या ऑफिसात संगणकावर सौदे टाकणारा तो भडगावकडचा माणूस. कोणी ‘विका’ म्हटलं की तो दोनदा विचारतो, “नक्की ना, भाऊ?” आणि मगच बटण दाबतो. बाजार कोसळला असं तो कधी म्हणत नाही. “आज जरा बसना शे,” म्हणजे जरा बसलाय, एवढंच.

कोरोनाच्या सुरुवातीच्या एका शुक्रवारी बाजार उघडताच इतका आपटला, की देशभरचे व्यवहार पाऊण तास थांबवले. भुसावळचे एक निवृत्त रेल्वे गार्ड, आबा, त्याच्या खुर्चीमागे उभे होते. त्यांची जन्माची पुंजी शेअरांत होती. “उघडला की माझे सगळे विक,” ते म्हणाले. त्याने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा आबा ओरडले, “हो!”

बाजार पुन्हा उघडला. “विक!” आबा म्हणाले. त्याचं बोट हललंच नाही. आबा त्याचा खांदा गदागदा हलवत राहिले, आणि तेवढ्यात पडद्यावरचे भाव वर सरकू लागले. दुपारी आबांनी चांगल्या भावात सगळं विकलं.

मग ते पेढे घेऊन आले. “याच्या हिमतीने वाचलो,” असं प्रत्येकाला सांगू लागले. ऑफिसचे मालकही कौतुकाने हसत होते.

तो उठून उभा राहिला. “आबा, हिंमत नही. मी घाबरी गऊ, मना हातच चालना नही. भाव आणखी पडते, तर तुम्ही माझ्यामुळे बुडाले असते.”

त्यानंतर आबा शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाकडे सौदे देऊ लागले. माझे सौदे मी अजून त्याच्याकडेच देतो.